रोझारिओचं न निघणारं कनेक्शन

बायको, बेटी, होती तोवर रोझारिओवर फोनवर बोलायची वेळच आली नाही. फोन वाजला की तो उचलायचा, "हां, थांब, ममाला देतो" एवढं म्हणायचा आणि मोकळा व्हायचा. ट्रिशा, त्यांची एकुलती एक मुलगी, नोकरीसाठी ऑकलंडला गेली तेव्हाही हाच शिरस्ता. मायलेकी तासतासभर बोलायच्या. आज काय शिजवलं, कोणाचं लग्न ठरलं, मरोळ गावठाणातल्या कोणत्या घरावर आता बिल्डरचा डोळा आहे. रोझारिओ शेजारच्या खुर्चीत पेपर उघडून बसायचा आणि एकूण एक शब्द ऐकायचा. पेपराचं पान तेवढ्या वेळात एकदाही उलटायचं नाही. बेटी मध्येच विचारायची, "बोलतोस काय तिच्याशी?" तो हात हलवून नको म्हणायचा. सगळं ऐकून झालंय, आता वेगळं बोलायचं काय, असा त्याचा हिशेब. असे बाप घरोघरी असतात. माया करायची आपण आणि बोलायचं बायकोने, अशी कामाची वाटणी त्यांनी परस्पर करून टाकलेली असते. बायकोला त्याबद्दल कोणी विचारलेलं नसतं.

मग बेटी गेली. ईस्टरनंतर कावीळ झाली, आणि मे महिन्यात गावठाणातल्या क्रुसासमोर लितानीची प्रार्थना म्हणायला लोक जमले तेव्हा त्यांच्यात ती नव्हती. ट्रिशा आली, रडली, आईच्या साड्या वाटल्या आणि सुट्टी संपली तशी परत गेली. त्यानंतर फोन वाजला तेव्हा रोझारिओने सवयीने उचलला आणि तसाच उभा राहिला. आता द्यायचा कोणाला?

"जेवलास, पप्पा?"

"जेवलो."

"गोळ्या?"

"घेतल्या."

"अजून काय?"

"काय नाय."

मग दोघं एकमेकांचा श्वास ऐकत राहायचे. शेवटी ट्रिशा म्हणायची, "बरं, ठेवते मग." फोन ठेवला की रोझारिओला आधी सुटल्यासारखं वाटायचं, आणि लगेच घर खायला उठायचं. खालच्या दोन खोल्या, वरची एक, मागे न्हाणी. एवढ्याशा घरात एका माणसाचा इतका एकटेपणा कसा मावतो, देव जाणे.

रोझारिओ मुळात घुमा होता असंही नाही. उभी हयात त्याने साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात लेथ चालवली. तिथे तो मोठमोठ्याने बोलायचा, शिव्या द्यायचा, गाणीसुद्धा म्हणायचा. मशीनच्या आवाजात बोललेलं कोणाला नीट ऐकू जात नसे, म्हणून असेल. गंजून बसलेला नट सोडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दुसऱ्यांनी पाना टाकून हात टेकले की मालक म्हणायचा, "रोझारिओला बोलवा." तो यायचा, नटाभोवती बोट फिरवायचा, तेल सोडायचा आणि सरळ चहा प्यायला निघून जायचा. परत आला की नट निघायचा. मालकाने वर्कशॉप गुजरातेत हलवलं आणि रोझारिओ घरी बसला. पुढे त्याला बोलवायला कोणी उरलं नाही.

कॉम्प्युटर ट्रिशाचा होता, वरच्या खोलीत टेबलावर ठेवलेला. लॉकडाउनमध्ये ती त्याच्यावर घरून काम करायची. तेव्हाच्या तिच्या ऑफिसने त्यात एक खास कनेक्शन घालून दिलं होतं, म्हणजे घरातल्या कॉम्प्युटरातून थेट ऑफिसात शिरायची खासगी वाट. पुढे ती नोकरी सुटली, ट्रिशा देश सोडून गेली आणि कॉम्प्युटरवर बेटीने क्रोशाचं कव्हर टाकलं. बेटी गेल्याला वर्ष झालं, त्या दिवशीच्या चर्चमधल्या मिस्सेनंतर ट्रिशा वैतागून म्हणाली, "पप्पा, मोबाइलवर तुझं नुसतं कपाळ दिसतं. माझा कॉम्प्युटर चालू कर ना, त्याच्यावर बोलू."

रोझारिओने कव्हर काढलं, धूळ पुसली, बटण दाबलं. कॉम्प्युटर जागा झाला आणि जागा होताच कामावर निघाला. कोपऱ्यात ऑफिसचं नाव आलं आणि खाली गोल गोल फिरायला लागलं. कनेक्टिंग, कनेक्टिंग. तिकडे ऑफिसने ट्रिशाला केव्हाच विसरून टाकलं होतं, पण हे बिचारं बंद दारावर धडका देत होतं, आणि त्या धडका चालू असेपर्यंत घरचं इंटरनेट सारखं अडखळत होतं. ट्रिशाचा चेहरा यायचा, गोठायचा, जायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ह्याची नोकरी गेली तरी खोड गेली नव्हती.

"ते काढून टाक," ट्रिशा मोबाइलवरून म्हणाली. "सेटिंग्जमध्ये जा. नेटवर्क. तिथे ऑफिसचं नाव दिसतंय?"

"दिसतंय."

"त्याच्याखाली रिमूव्हचं बटण आहे, ते दाब."

"बटण मेलंय गो. करडं पडलंय. दाबलं तरी दबत नाय."

मग ट्रिशाने त्याच्याकडून कसलासा प्रोग्रॅम घालून घेतला, आकडे वाचून घेतले, आणि एकाएकी पडद्यावरचा बाण आपोआप हलला. रोझारिओने माउसवरचा हात चटकन काढून घेतला. बाण डावीकडे गेला, खाली गेला, थोडा थांबला, विचार केल्यासारखा पुन्हा वर आला. लहानपणी चित्र रंगवताना ट्रिशाचा हात असाच अडायचा. समुद्रापलीकडून पोरीचा हात आपल्या टेबलावर आलाय, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला क्षणभर काही दिसेना.

"निघत नाहीये," ट्रिशा म्हणाली. "वाट लागली यार."

"ते फिरतंय ना अजून? आधी ते थांबव," रोझारिओ एकदम बोलला. "चालू मशीनवर हात घालतात काय? आधी बंद कर, मग सोडव."

ट्रिशाने कनेक्टिंगच्या बाजूचं कॅन्सल दाबलं. फिरणं थांबलं. बटण करडंच राहिलं, पण तिने काळी चौकट उघडून तिच्यात काहीतरी टाइप केलं आणि ती ओळ पडद्यावरून गेली. ट्रिशा हसली. "बरोबर बोललास रे पप्पा! तुला कसं कळलं?"

कसं कळलं म्हणून विचारल्यावर रोझारिओने सांगितलं. एकदा एका कारागिराने फिरत्या लेथवर पाना लावला होता, तेव्हा काय झालं ते. मग मालक काय म्हणाला ते. मग त्या कारागिराचं पुढे लग्न कसं झालं तेही. ट्रिशा ऐकत राहिली. बोलणं संपलं तेव्हा रोझारिओचा घसा कोरडा पडला होता, आणि बाहेर पाववाला येऊन गेल्याचं त्याला कळलंही नव्हतं.

पुढच्या रविवारी कॉम्प्युटर चालू केला तर ऑफिसची ओळ पुन्हा आपली हजर!

तिथून त्यांचे रविवार सुरू झाले. काढलं की जायचं, आणि आठवड्याने मशीन उघडलं की परत यायचं. पालथ्या घड्यावर पाणी. ट्रिशाच्या नाकी नऊ आले. ती दर वेळी ती ओळ उघडायची, आतलं नाव-पत्ता तपासायची, नवी युक्ती लढवायची. अर्ध्याअधिक पडद्यावर सेटिंग्ज पसरलेली असत आणि ट्रिशा कोपऱ्यात तिकिटाएवढ्या चौकोनात बसलेली असे. रोझारिओचे डोळे बाणावर आणि तोंड चालू. "जोर लावू नको. आटे झिजतील." "अरे पप्पा, कॉम्प्युटरला आटे नसतात!" "असतात. तुला दिसत नाय." बापाने आयुष्यभर केलं काय, हे पोरीला तिशी उलटल्यावर पहिल्यांदा कळत होतं. पितळ कापताना वास कसा येतो, लोखंडाचा कीस बोटात गेला तर काढायचा कसा, हे सगळं तिने ऐकून घेतलं.

रोझारिओ रविवारची मिस्सा झाली की कोणाशी न बोलता घरी यायचा. चर्चला घातलेला इस्त्रीचा शर्ट काढायचा नाही. शेजारचा मर्विन, त्याचा बाळपणापासूनचा दोस्त, गेटावर उभा राहून विचारायचा, "काय रे, हल्ली मिस्सा झाल्यावर थांबत नाहीस?"

"कॉम्प्युटरचं काम आहे."

"अजून ते निघालं नाय? भंगारवाल्याला देऊन टाक साल्याला!"

"तुझं डोकं दे भंगारात," रोझारिओ तडकून म्हणायचा आणि जिना चढायचा. मर्विनला वाटायचं, म्हातारा कॉम्प्युटरवर चिडलाय.

एका रविवारी ट्रिशा फार खुशीत आली. तिच्या कामावरच्या कोणीतरी तिला दुखण्याचं मूळ सांगितलं होतं. जुन्या ऑफिसचा एक छोटा प्रोग्रॅम आत कोपऱ्यात लपून बसलेला होता. मशीन चालू झालं की तो ते कनेक्शन नव्याने घालत होता. तिने तो शोधला, उपटला, मशीन बंद करून पुन्हा चालू करायला लावलं. ओळ नव्हती. पुन्हा बंद, पुन्हा चालू. नव्हतीच.

"झकास!" ट्रिशा ओरडली. "सुटलास, पप्पा!"

"झकास," रोझारिओ म्हणाला.

पुढच्या रविवारी तिचा मोबाइलवर फोन आला. "आलं का परत?" "नाय." "बघ! आता काही त्रास नाही तुला." "हां." मग जेवण, गोळ्या, अजून काय, काय नाय. त्याने खूप आठवून बघितलं. वर्कशॉपच्या गोष्टी मनात होत्या, पण कारण नसताना त्या काढायच्या कशा? बाण नाही, बटण नाही, आणि बाप मध्येच पितळेच्या वासाबद्दल बोलायला लागला तर पोरगी म्हणेल, ह्याला काय झालं. त्यापुढच्या रविवारी नुसता मेसेज आला, अंगठा दाखवलेला. त्यानंतरच्या रविवारी तोही नाही.

रोझारिओ मिस्सेनंतर वर जाऊन बसायचा. कॉम्प्युटर आता झटकन उघडायचा. काही अडायचं नाही, काही फिरायचं नाही, आणि समोर निळा पडदा शांत पडलेला असायचा. इस्त्रीचा शर्ट अंगात, हात मांडीवर. विमानं डोक्यावरून जायची. बेटी गेली तेव्हा लोक होते, मेणबत्त्या होत्या, फादर होते. हे दुःख कोणाला सांगायचं? माझं कनेक्शन निघालं म्हणून मला रडू येतं, असं मर्विनला सांगितलं असतं तर त्याने गावठाणभर केलं असतं.

वर्कशॉपात एक नियम असतो. मशीन खोलताना निघालेला पार्ट फेकायचा नाही, आणि कोणता आधी निघाला कोणता मागून, ते डोक्यात ठेवायचं. बसवताना त्याच्या उलट चालायचं, म्हणजे मशीन पुन्हा उभं राहतं. रोझारिओने इतके रविवार तो बाण बघितला होता. कुठून शिरला, काय उघडलं, कुठे थांबला, सगळं त्याच्या डोक्यात होतं. ऑफिसचं नाव-पत्ता तर पाठच झाला होता. एका दुपारी जेवण करून तो वर गेला आणि उलटा चालायला लागला. सेटिंग्ज. नेटवर्क. नवं कनेक्शन घालायचं चिन्ह. एका बोटाने अक्षर शोधत शोधत त्याने नाव घातलं, पत्ता घातला. एकदा चुकलं, एकदा चौकटच बंद झाली. मग सेव्ह दाबलं, आणि ती ओळ जुन्या जागी येऊन बसली. हुबेहूब!

गंजलेला नट सोडवून झाला नसेल एवढा आनंद त्याला झाला. त्यामागून लाज आली. ह्या वयात पोरीला फसवायचं म्हणजे काय? कन्फेशनला तरी काय सांगणार? फादर, मी सेटिंग्जमध्ये पाप केलं? तो स्वतःशीच हसला. तरी त्याने मोबाइल उचलला. ट्रिशाचा नंबर त्याने स्वतःहून कधीच लावला नव्हता.

"पप्पा? काय झालं?" ट्रिशाचा आवाज घाबरलेला होता. "बरा आहेस ना?"

"बरा आहे. ते परत आलंय."

"काय?"

"ऑफिसचं. परत आलंय गो. इंटरनेट अडवतंय."

मग ती म्हणाली, "बरं. रविवारी बघते."

रविवारपर्यंत रोझारिओ हवेत होता. मर्विनशी गेटावर चक्क थांबून गप्पा मारल्या. काय काय सांगायचं त्याची मनात जुळणी केली. रविवारी बाण पडद्यावर आला तसा तो सुरू झाला. "मी तुला ती क्रँकशाफ्टची गोष्ट सांगितली काय? एक दिवस मालक..."

बाण सेटिंग्जमध्ये शिरला. ओळीवर थांबला. ओळ उघडली. खाली रिमूव्हचं बटण होतं, आणि ते करडं नव्हतं. चांगलं ठसठशीत, जिवंत होतं. बाण त्याच्यावर गेला, एकदा टिचकी वाजली, आणि ओळ गेली. काळी चौकट नाही, टाइप करणं नाही, काही नाही.

रोझारिओचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. त्याला तत्क्षणी कळलं. दुसऱ्या कोणाला नाही तरी त्याला कळायलाच हवं होतं. हाताने बसवलेला नट हातानेच निघतो. अडतो तो गंजाने, आणि गंज काही बसवता येत नाही. त्याने सगळं हुबेहूब केलं होतं, फक्त ते न निघणारं करायला त्याला जमलं नव्हतं.

"पप्पा."

"हां."

"हे तू टाकलंस ना?"

चोराच्या मनात चांदणं. रोझारिओने चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्याच्या ओठांवर खोटं तयार होतं, पण ते बाहेर पडेना.

"टाकलं," तो म्हणाला. "मग काय करू? ते निघालं आणि तुझं येणंही बंद झालं."

बाण जागच्या जागी थिजला. ट्रिशा रागावेल असं त्याला वाटलं. इतका खटाटोप, इतके रविवार, आणि बापाने त्यावर पाणी ओतलं. पण तिचा आवाज आला तो बारीक होता.

"मी घरीच होते रे. त्या रविवारी पण, त्याच्यानंतरच्या रविवारी पण. फोन हातात घेऊन बसले होते. मला वाटलं, आता कॉम्प्युटर तर बरा झाला. आता पप्पाशी काय बोलायचं?"

रोझारिओला हे कधी सुचलंच नव्हतं. तिकडे पोरीला शंभर माणसं असतील, शंभर कामं असतील, आपण आपले इकडे तिची वाट अडवून बसलोय, असंच तो धरून चालला होता. ट्रिशाने सेटिंग्ज बंद केली आणि कोपऱ्यातला तिचा चौकोन पसरून पडद्याएवढा झाला. इतक्या रविवारांत त्याने बाण बघितला होता. पोरीचं तोंड असं पुरं बघितलंच नव्हतं. ती वाळली होती. कानशिलावर केस पिकले होते. डोळे ओले होते आणि ती ते पुसत नव्हती. मागे स्वयंपाकाची खोली दिसत होती, तिथे दिवा नव्हता आणि कोणाची चाहूलही नव्हती.

बेटीने हे पहिल्याच दिवशी हेरलं असतं.

"तिथं घरात कोण असतं गो तुझ्याबरोबर?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. शर्लिन होती ना, माझी रूममेट, ती ख्रिसमसलाच गेली वेगळी राहायला."

"ख्रिसमसला? मग सांगितलं नाहीस कधी?"

"तू विचारलंच नाहीस, पप्पा."

ती हे रागाने म्हणाली नाही, म्हणून ते जास्त लागलं. रोझारिओ खाली मान घालून बसला. क्रँकशाफ्टची गोष्ट होती, ती आता नको वाटली. त्याने मान वर केली. ट्रिशा अजून तिथेच होती.

"आता विचारतोय ना," तो म्हणाला. "सांग."